बिबट्या, पिंजरा आणि गौण वाक्य

२०२५च्या नोव्हेंबरात एक छायाचित्र वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून पुष्कळ फिरले. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या शेतकरी स्त्रिया शेतात काम करीत आहेत आणि त्यांच्या गळ्यात, टोके बाहेर काढलेल्या खिळ्यांचे पट्टे आहेत. बिबट्या प्रथम गळा धरतो, म्हणून गळ्याला काटे. राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात असा पट्टा घालण्याची रीत जुनी आहे. तो माणसाच्या गळ्यात आला, कारण त्याआधीच्या जेमतेम तीन आठवड्यांत ह्या परिसरात बिबट्याने तीन बळी घेतले होते आणि त्यांपैकी दोन मुले होती. लोकांनी पुणे–नाशिक महामार्ग रोखला, वनखात्याची गाडी जाळली गेली, आणि अखेर एका बिबट्याला गोळी घालण्यात आली.

ह्या छायाचित्राकडे बहुतेकांनी बिबट्याच्या दहशतीचा पुरावा म्हणून पाहिले. तो पुरावा आहेच. परंतु मला ते आणखी एका गोष्टीचा पुरावा वाटते. कामाच्या ठिकाणी जिवाला धोका आहे हे ओळखून काम करणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या कल्पनेने तयार केलेले ते सुरक्षासाधन होते. गिरणीत, खाणीत किंवा बांधकामावर असे काही घडले असते तर आपण त्याला ताबडतोब कामगारांच्या सुरक्षिततेचा प्रश्न म्हटले असते. इथे मात्र त्याला 'मानव–बिबट संघर्ष' म्हटले गेले. नाव बदलले की प्रश्नाचे खाते बदलते, आणि खाते बदलले की उत्तरही बदलते. प्रस्तुत लेखाचा विषय हा नावाचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे मांडावासा वाटतो.

प्रथम भूमीविषयी थोडेसे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून जुन्नर वनविभाग होतो. पश्चिमेला सह्याद्रीची रांग, माळशेज आणि भीमाशंकर. तिथे महादेव कोळ्यांची गावे आणि त्यांच्या सीमेवर वाघोबाची ठाणी. म्हणजे ह्या मुलखाला बिबट्या नवीन नाही. नवीन आहे तो पूर्वेकडचा ऊस. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरचे डिंभे ह्या धरणांचे पाणी कालव्यांनी खाली उतरले, विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, आणि जिथे बाजरी होती तिथे वर्ष-दीड वर्ष उभे राहणारे, आत काही न दिसणारे पीक आले. बिबट्याला लपायला जागा, प्यायला पाणी आणि खायला कुत्री, शेळ्या, कोंबड्या मिळाल्या. तो उसात राहू लागला, उसातच त्याची पिले जन्मू लागली. 'बिबट्या गावात शिरला' असे आपण म्हणतो तेव्हा तो बाहेरून आला असे गृहीत धरतो. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाने (तो २०१३ साली प्रसिद्ध झाला) हे गृहीतक मोडीत काढले. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहत असलेल्या, जंगल आणि रानटी शिकार नसलेल्या त्या शेतीच्या प्रदेशात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे त्यांना आढळले. बिबट्या शिरत नाही. तो तिथलाच रहिवासी आहे.

अत्रेय ह्यांचाच, अन्य तीन अभ्यासकांसह लिहिलेला, २०११ सालचा एक शोधनिबंध खास जुन्नरविषयी आहे. सार्वजनिक धोरण कसे चुकते हे समजून घेऊ इच्छिणाऱ्या कोणीही तो वाचावा. १९९३ ते २००१ ह्या काळात जुन्नर विभागात बिबट्याचे माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चार होत असत. २००१ नंतर पिंजरे लावून बिबटे पकडण्याची आणि ते दुसरीकडे नेऊन सोडण्याची मोहीम जोरात सुरू झाली. एकोणतीस बिबटे सरासरी एकोणचाळीस किलोमीटरांवरच्या जंगलांत सोडण्यात आले. त्यानंतर हल्ल्यांची सरासरी वर्षाला सतरावर गेली. एवढेच नव्हे, तर हल्ल्यांपैकी प्राणघातक ठरणाऱ्यांचे प्रमाण अठरा टक्क्यांवरून छत्तीस टक्क्यांवर, म्हणजे दुप्पट झाले. पकडलेला प्रत्येक बिबट्या हल्ला करणाराच होता असेही नाही. जो पिंजऱ्यात आला तो पकडला गेला. सोडलेले बिबटे सोडल्या जागी थांबले नाहीत. पकडले जाण्याचा ताण सोसलेले, अनोळखी मुलखात टाकलेले ते प्राणी माणसाला अधिक धोकादायक ठरले असावेत, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बिबट्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि अशा स्थलांतराला परावृत्त केले.

उपायच अपाय झाला, असा हा प्रकार. पण त्यामागे कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. गाव पिंजरा मागत होते, लोकप्रतिनिधी पिंजरा मागत होते, आणि वनखात्याजवळ देण्यासारखा पिंजराच होता. पिंजऱ्याचा एक मोठा प्रशासकीय गुण असा की तो मोजता येतो. किती पिंजरे लावले, किती बिबटे पकडले, हे अहवालात लिहिता येते, सभागृहात सांगता येते. किती माणसे वाचली हे तसे सांगता येत नाही, कारण न घडलेल्या घटनेचा पंचनामा होत नाही. डोनाल्ड कॅम्पबेल ह्या अमेरिकी अभ्यासकाने १९७०च्या दशकात असे दाखवून दिले होते, की एखाद्या सामाजिक गोष्टीचे मोजमाप निर्णयाचा आधार बनले, की ते मोजमापच बिघडू लागते आणि ज्या गोष्टीवर लक्ष ठेवायचे तिलाही बिघडवू लागते. जुन्नरमध्ये पकडलेल्या बिबट्यांची संख्या हे यशाचे माप ठरले आणि त्या मापाने खरे उद्दिष्ट, म्हणजे माणसाचा जीव, मागे टाकले.

हा धडा मिळूनही २०२५ साली पुन्हा पिंजऱ्यांचीच मागणी झाली, ह्याबद्दल शहरातली सुशिक्षित मंडळी गावकऱ्यांना हसतात. ते मला मान्य नाही. ज्याच्या दारातून मूल उचलून नेले गेले त्याने शोधनिबंध वाचून बोलावे ही अपेक्षा निर्दय आहे. शिवाय पिंजरा नको तर काय हवे, ह्या प्रश्नाला त्याला मिळणारे उत्तर 'सहजीवन' हे असते. शब्द सुंदर आहे. पण त्या सहजीवनात रात्री उसात कोण उतरणार हे तो शब्द सांगत नाही. पिंजरा म्हणणारे आणि सहजीवन म्हणणारे एकमेकांशी कडाडून भांडतात. तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. दोघांच्याही वाक्याचा कर्ता बिबट्या आहे.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे वाक्यरचनेकडे येतो. बिबट्याच्या हल्ल्याची कोणतीही बातमी घ्या. 'उसाला पाणी देत असताना शेतकऱ्यावर बिबट्याचा हल्ला', 'गवत कापत असताना महिला जखमी', 'ऊसतोड मजुराच्या कोपीजवळून बालकाला बिबट्याने नेले' अशा तिच्या ठरलेल्या चाली आहेत. आपण व्याकरणात मिश्र वाक्य शिकवतो: एक प्रधान वाक्य, एक गौण. प्रधान भागात बिबट्या असतो, त्याचे क्रियापद जोरकस असते. तो झडप घालतो, फरपटत नेतो, धुमाकूळ घालतो आणि शेवटी 'जेरबंद' होतो. (जेरबंद हा मुळात घोड्याच्या साजातला पट्टा. आज हा शब्द मराठी वृत्तपत्रांत जवळजवळ बिबट्या आणि चोर ह्या दोघांसाठीच राखून ठेवलेला आहे.) माणूस काय करीत होता, हे मात्र 'असताना'च्या आड, गौण भागात ढकललेले असते. वाचताना आपण तो भाग केवळ पार्श्वभूमी म्हणून ओलांडून जातो. माझे म्हणणे एवढेच, की ह्या प्रश्नाचे निम्मे तरी उत्तर त्या गौण वाक्यात आहे. ते उचलून प्रधान जागी ठेवले तर काय दिसते, हे पाहू.

'उसाला पाणी देत असताना.' केव्हा? पुष्कळदा रात्री. रात्री का? शेतकऱ्याला अंधाराची आवड आहे म्हणून नव्हे. महाराष्ट्रात शेतीपंपांना तीन फेजची वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने मिळत आली: काही दिवस दिवसा आठ तास, तर काही दिवस रात्री दहा तास. रात्रपाळीच्या आठवड्यात बारे धरायला माणसाला मध्यरात्री शेतात उतरावेच लागते. एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात फावडे, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस आणि पायाखाली चिखल. बिबट्याही रात्रीच हिंडतो. म्हणजे ह्या दोघांची भेट निसर्गाने ठरवलेली नाही. तिची निम्मी वेळ वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकाने ठरवलेली आहे. ते वेळापत्रक बनवणाऱ्याच्या टेबलावर बिबट्याचे चित्र नसते, आणि पिंजरे लावणाऱ्याच्या टेबलावर वेळापत्रक नसते. शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा सुरू केला. शेतकऱ्याला दिवसा वीज देणे हे तिचे उद्दिष्ट आहे. तिच्याकडे ऊर्जेची योजना म्हणून पाहिले जाते. ती बिबट्याच्या हल्ल्यांपासून संरक्षणाचीही योजना आहे, हे तिच्या अग्रक्रमांत दिसायला हवे.

'गवत कापत असताना', 'खुरपत असताना.' कोण? बहुधा स्त्री. बसून किंवा वाकून काम करणारे माणूस बिबट्याला लहान, चार पायांच्या सावजासारखे दिसते. म्हणून वाकून काम करताना सावध राहा, एकटे जाऊ नका, आवाज करीत राहा, अशा सूचना दिल्या जातात. सूचना बरोबरच आहेत. परंतु खुरपणी उभ्याने होत नाही. आणि एकटे जाऊ नका म्हणताना दुसऱ्या माणसाचा रोज कोण भरणार, हे सूचनेत लिहिलेले नसते. ज्या कामाचे स्वरूपच धोक्याचे आहे त्या कामात बदल न करता काम करणाऱ्याला सावधपणा शिकवणे म्हणजे धोक्याची जबाबदारी गुपचूप त्याच्याच अंगावर टाकणे होय.

'कोपीजवळून.' कोपी कोणाची? बीड, अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर येणाऱ्या ऊसतोड कामगारांची. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, पहाटेच्या अंधारात तोड सुरू. कोपीला दार नसते. शौचाला उघड्यावर जावे लागते. आईबाप फडात असताना मुले कोपीशी किंवा फडाच्या कडेला असतात, आणि फड तुटत जातो तसा त्यातला बिबट्या उरलेल्या उसात मागे सरकत जातो. बिबट्याच्या ऐन घरात, त्याचे घर मोडण्याच्या कामावर, हे कुटुंब बसवलेले असते. ह्या जागेला कामाची जागा म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

औद्योगिक सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची एक सर्वमान्य उतरंड आहे. धोका समूळ काढता येत असेल तर काढावा. नसेल तर त्याऐवजी कमी धोक्याचे काही आणावे. नंतर यंत्राची वा जागेची रचना बदलून माणूस आणि धोका ह्यांत आड घालावी. मग कामाच्या वेळा, पद्धती आणि प्रशिक्षण. आणि ह्यांतले काहीच पुरेसे नसेल तेव्हा सर्वांत शेवटी हातमोजे, शिरस्त्राण, चष्मा अशी अंगावर घालायची साधने. ही शेवटची पायरी सर्वांत दुबळी मानली जाते, कारण ती धोका तसाच ठेवते आणि सगळा भार माणसाच्या कातडीवर टाकते. गळ्यातला खिळ्यांचा पट्टा ही ती शेवटची पायरी आहे. वरच्या पायऱ्या मोकळ्या पडलेल्या असताना त्या स्त्रियांना थेट तिथे उतरावे लागले. दिवसा वीज म्हणजे माणूस आणि धोका ह्यांची गाठ टाळणे. कोपीला पक्के कूड, दिवा आणि शौचालय म्हणजे आड घालणे. रात्री दोघांनीच पाणी धरणे आणि दुसऱ्याची मजुरी कोणीतरी देणे म्हणजे पद्धत बदलणे. ह्यांत एकही गोष्ट अद्भुत नाही; कारखान्याच्या आत असत्या तर त्या मागण्याही नव्हत्या, नियम होते.

कारखान्याचे फाटक ही इथे खरी सीमा आहे. साखर कारखान्याच्या आत गाळप करणाऱ्या कामगाराला १९४८च्या कारखाने अधिनियमाचे संरक्षण होते. उजेड किती असावा, यंत्राला कठडा कुठे असावा, हे सगळे त्यात होते. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षिततेची २०२०ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली, म्हणजे पट्ट्यांचे ते छायाचित्र फिरत होते त्याच महिन्यात. परंतु ती संहिताही सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे. एकट्याने रात्री पाणी धरणारा सालगडी किंवा अल्पभूधारक तिच्या बाहेरच उभा आहे. ऊस एकच, फाटकाच्या आत तो उद्योग असतो आणि बाहेर निसर्ग. म्हणूनच बाहेर मेलेल्याच्या वारसांना मिळणारे पंचवीस लाख रुपये वन्यप्राण्याने केलेल्या हानीची भरपाई म्हणून मिळतात. रक्कम लहान नाही, आणि ती मिळते हे चांगलेच. पण त्या धनादेशाच्या भाषेत मरणारा माणूस कामगार नसतो, बिबट्याने केलेल्या नुकसानीतली एक बाब असतो.

ह्यावर एक गंभीर आक्षेप येईल. पिंपरखेडला गेलेली मुले काही कामावर नव्हती. मग हा कामाचा प्रश्न कसा? आक्षेप खरा आहे. सगळे हल्ले 'काम' ह्या एका शब्दात बसवता येत नाहीत, आणि दिवसा वीज आली म्हणून बिबट्या उसातून निघून जाणार नाही. ज्या बिबट्याने माणसांवर वारंवार हल्ले केले आहेत त्याला पकडावे किंवा मारावे लागते, हेही मी नाकारत नाही. परंतु ह्या भागात घर आणि शेत ह्यांत कुंपण नसते. वस्ती शेतात असते, आईबापांच्या कामाच्या वेळांवर मुलांचे एकटेपण ठरते, आणि घराच्या भिंतीला टेकूनच ऊस सुरू होतो. कामाची जागा आणि राहण्याची जागा एकच असेल तर कामाच्या जागेची सुरक्षितता ही मुलांचीही सुरक्षितता होते. म्हणून तो आक्षेप माझे म्हणणे खोडत नाही. उलट त्याची व्याप्ती वाढवतो.

मग काय करावे? मोठ्या योजना सुचवण्याचा माझा अधिकार नाही. एक लहानशी मागणी मात्र वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसाने करण्याजोगी आहे. प्रत्येक हल्ल्याची नोंद जाहीर करताना गाव, तारीख, मृत, जखमी ह्यांच्या जोडीला आणखी काही रकाने असावेत: माणूस कोणते काम करीत होता, ते काम कोणाच्या शेतात होते, मजुरीवर होते की घरचे, वेळ कोणती होती, त्या आठवड्यात त्या वाहिनीला वीज दिवसा होती की रात्री, आणि तो एकटा का होता. दहा वर्षे असे रकाने भरले गेले तर पुढच्या अभ्यासकाला बिबट्याच्या हालचालीइतकेच माणसाच्या हालचालीविषयीही बोलता येईल. २०११च्या निबंधाने बिबटे मोजून एक चुकीचे धोरण उघडे पाडले. गौण वाक्य मोजणारा निबंध अजून लिहिला जायचा आहे, आणि तो लिहायला वन्यजीवशास्त्रज्ञाइतकीच व्यवस्थापनाच्या, समाजशास्त्राच्या आणि भाषेच्या विद्यार्थ्यांची गरज आहे.

जुन्नर तालुक्यात आळे येथे, ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आहे. ती कथा आपण चमत्काराची म्हणून सांगतो आणि वेदांपाशी थांबतो. पण त्याच कथापरंपरेत असेही आहे, की तो रेडा पखाल वाहणारा होता, कामावर होता, आणि त्याच्या पाठीवर पडलेल्या आसुडाचे वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले. रेडा काय बोलला ह्याच्या आधी रेड्याला काय लागले, हे तिथे विचारले गेले होते. बिबट्याविषयी आपण गेली पंचवीस वर्षे खूप बोललो. रात्री पाणी वाहून नेणाऱ्याच्या पाठीकडे पाहायचे तेवढे राहून गेले आहे.